पालथी फ्लॉपी

अप्पांच्या फ्लॉपीचं तुमाला सांगितलं का? तवा बीडला माझं टायपिंगचं दुकान होतं, अन् मी नवाच कम्प्युटर घेतलता. परळीहून मन्मथअप्पा आले. त्यांच्याकडं भरतकामाची कम्प्युटरवाली मशीन. पिशवीतनं शेला अन् फ्लॉपी काढून म्हणले, "नवरदेवाचं नाव वैजनाथ, अन् डिझाइनवाल्यानं फ्लॉपीत टाकलं महादेव. मी न बघता शेला भरला. उद्या लग्न हाय. तुमच्या टायपिंगमधी घेऊन तेवढं नाव बदला."

मला वाटलं, अक्षरंच तर हायेत. फाईल वर्डमधी उघडली, तर नुसते चौकोन, टिंबं अन् उलटी प्रश्नचिन्हं. महादेव कुठंच न्हाई!

अप्पा वाकून बघत म्हणले, "अवो, ही मागची बाजू हाय. भरतकाम मागून असंच गिचमिड दिसतं. पालथं करा."

मी इतका चक्रावलतो की खरंच फ्लॉपी काढली, पालथी केली अन् दाबून घातली. ती अडकली ती अडकलीच.

मग अप्पांनी शेल्याची घडी घातली अन् उठले.

"ऱ्हाऊ द्या. नवरदेवाला सांगतो, देव एकच हाय."