ससाण्याची नवरी

कुणी विश्वास ठेवला नाही गं माझ्यावर, एकानेही नाही. कुंभारगल्लीतल्या चाळीस घरांत मी जायचे, चाळीस घरांच्या बायकांचे हात-पाय ह्या बोटांनी गुळगुळीत केलेत, कुणाच्या पोटावर कुठे डाग आहे ते तिच्या नवऱ्याआधी मला माहीत. आणि मी एक गोष्ट सांगितली, एकच, तर म्हणे उम्म सामेहचं, सामेहच्या आईचं, डोकं फिरलंय! — पाय सरळ ठेव, दालिया. हलू नकोस. केस काढायचा पाक अजून गरम आहे, मी फुंकर मारतेय ना. — आई? तुझी आई खाली आहे, डेकोरेशनवाल्यांशी भांडतेय. दार मी लावून घेतलंय. नवरीच्या पाकाच्या वेळी दार लावायचंच असतं, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

तुम्हाला वाटलं होतं मी येणार नाही. तुझ्या आईने निरोप धाडला तोच मुळी असा की, 'यायचं तर या, नाहीतर आम्ही पार्लरवाली बोलावू.' म्हणजे बोलावल्यासारखंही झालं आणि न बोलावल्यासारखंही. पण मी आले. दीड किलो साखर, सहा लिंबं, सगळं माझं घेऊन आले. फुकट करणार आहे, सांग तुझ्या आईला. ह्या दमन्हूर शहरातल्या कुठल्याही नवरीला मी फुकट केलं नाही आजवर. तुला करतेय. — का म्हणजे? कारण उद्या दुपारी तू निकाहनाम्यावर त्या हाझेमच्या नावापुढे सही करणार आहेस आणि त्याआधी तुझा एक तास मला हवा होता. मिळाला. आता ऐक. ओढते हं — झालं, झालं. एवढं काय ओरडतेस? ह्याच्यापेक्षा जास्त दुखतं माणसाला, पोरी.

हाझेमकडे काय होतं आधी? तू तेव्हा शाळेत होतीस, तुला आठवणार नाही. मशिदीमागच्या जिन्याखाली खोली, त्यात मोबाईलला पैसे भरायचं दुकान, एक प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय दोरीने बांधलेला. पोरं यायची, पैजेचे वीस-वीस पाउंड द्यायची, तो मोबाईलच्या ॲपवर बोटं नाचवायचा आणि ते वीस पाउंड समुद्रापलीकडे कुठल्याशा बेटावर जायचे. कुठलं बेट? कंपनी कुणाची? कुणाला ठाऊक नाही. मालक बघितलाय कुणी? नाही. फक्त ते चिन्ह, पंख पसरलेला ससाणा. लोक म्हणायचे, 'आज ससाण्यावर लावलेत', 'ससाण्याने दिले', 'ससाण्याने खाल्ले'. देण्याच्या गोष्टी मोठ्याने, खाण्याच्या हळू. पहिल्या वर्षी पोरांना टीशर्ट वाटले, छातीवर ससाणा. दुसऱ्या वर्षी रमझानात मैदानापाशी गरिबांसाठी इफ्तारची टेबलं लावली, दोनशे माणसं रोज जेवायची, भात, वाटाणे, मांसाचा तुकडा — हातभर लांब कापडावर ससाणा. मशिदीतला शेख शुक्रवारी म्हणाला जुगार हराम आहे, आणि मग खाली उतरून त्याच टेबलावर बसला. का? कारण त्याचा भाचाच तोवर एजंट झाला होता! सरकारने बंदी घातली, ॲप बंद पडलं. चौथ्या दिवशी नव्या नावाने परत उघडलं, ससाणा तोच, फक्त मान दुसरीकडे वळवलेली. एका हाझेमचे अकरा एजंट झाले. मग मैदानाला दिवे, जाळ्या, गोलचे खांब. आता सांग, ज्याने तुमच्या पोरांना खेळायला जाळी दिली त्याला वाईट कोण म्हणणार? मी म्हणाले. उशिरा म्हणाले, ती गोष्ट वेगळी.

आणि मग त्यांनी आमचा सामनाच ॲपवर घातला. — हो गं, आमचा! कुंभारगल्ली विरुद्ध स्टेशनपलीकडले, रमझानातली फुटबॉलची स्पर्धा, दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर, धुळीत, उपाशीपोटी. कोपऱ्यात काठीला कॅमेरा आणि खाली एक माणूस दोन मोबाईल घेऊन — 'चेंडू बाहेर, कॉर्नर, फाऊल' — बडबडत बसलेला, जसा काही बाजारभाव सांगतोय. पेरू देशातला माणूस माझ्या सामेहवर पैसे लावतो! त्याला दमन्हूर जमिनीवर आहे की पाण्यात, माहीत नाही. पोरांना काय कौतुक! 'उम्म सामेह, तुमचा मुलगा जगभर दिसतो.' मलाही कौतुक. खोटं कशाला बोलू? मी त्या वर्षी घराघरांत सांगितलंय, पाक लावताना, असंच — माझा मुलगा जगभर दिसतो.

दुसरा पाय दे.

तुला माहीत आहे सामेह गोलकीपर म्हणून गोलात कसा उभा राहायचा. तू यायचीस ना गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने? एवढे कपडे तुमच्या घरात नाहीतच. — लाजू नकोस आता, उद्या दुसऱ्याची होणार आहेस. मांजरासारखा उभा राहायचा. इस्कंदरियाच्या क्लबातला माणूस त्याला बघून गेला होता, ईदनंतरच्या रविवारी बोलावलं होतं. बूट मी घेऊन ठेवले होते. ते बूट अजून खोक्यात आहेत.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी हाझेम आमच्या घरी आला. कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन, वर लोणी तरंगतंय असं. इफ्तार झाली आणि दोघं गच्चीवर कबुतरांपाशी जाऊन बसले. मी चहा घेऊन वर जात होते. हाझेम म्हणत होता, 'एकच गोल होऊ दे. दुसऱ्या अर्ध्यात, पहिल्या दहा मिनिटांत. मग तुम्ही दोन मारा, जिंका, कप घ्या. कुणाचं काय जातं? पेरूवाल्याचं.' हसत म्हणाला. असा गोड आवाज त्याचा — तुला माहीतच आहे. सामेह कबुतराला दाणे घालत होता.

— हो, ऐकलं मी. जिन्यात होते म्हटलं ना. — मग काय करायला हवं होतं? चहा ओतला. साखर किती, विचारलं.

तू असं बघू नकोस माझ्याकडे. पाय धरू दे नीट.

दुसऱ्या दिवशी चेंडू आला, काही जोरही नव्हता त्याला, एखाद्या म्हाताऱ्याने ढकलावा तसा, आणि माझ्या मुलाच्या दोन पायांमधून गेला.  मग आमच्या पोरांनी दोन मारायचे होते ना? एकही मारता आला नाही. हरले. आणि कोपऱ्यातल्या त्या दोन मोबाईलवाल्याकडे बघून कुणीतरी ओरडलं — 'विकला!' उपास सोडायची मगरिबची अजान व्हायची होती. अजान होईपर्यंत थांबले नाहीत गं ते. आमच्याच गल्लीतले. ज्यांच्या बहिणींची लग्नं मी लावून दिली, ते. त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि वर वीट. चार बोटं ठेचली. आता संत्र्यांच्या गोदामात जातो, डाव्या हाताने पेट्या उचलतो, उजवा खिशात.

मी ओरडून सांगितलं, हाझेमने सांगितलं होतं! हाझेमने! घराघरांत गेले. बायका म्हणाल्या, 'उम्म सामेह, जो माणूस दोनशे जणांना जेवू घालतो तो?' त्याच माणसाने सामेहच्या ऑपरेशनचा खर्च केला, सगळ्यांसमोर. झालं! मी वेडी, तो देवमाणूस. बायकांनी मला बोलावणं बंद केलं, पार्लरं सुरू झाली म्हणे. मग मी काय केलं, सांगू? मैदानावरच्या कंपनीच्या त्या मोठ्या फलकावर शिडी लावून असाच पाक ओतला, गोळीबंद नाही, पातळ, चांगला वाहणारा. आठ दिवसांत मुंग्यांनी ससाण्याचे डोळे खाल्ले. हस की! मी खूप हसले होते. तीन दिवस हसत होते.

पण फलक नवा लागला, दुप्पट मोठा. आणि हाझेम आता म्हणे सगळ्या डेल्टा भागाचा मुख्य एजंट, इस्कंदरियाला फ्लॅट, प्रत्येक खोलीत एसी. त्या एसीखाली तू झोपणार. म्हणून आले मी. तुला सांगायला आले — ज्या हाताने उद्या तो तुला अंगठी घालील, त्या हाताने त्याने माझ्या पोराचा हात मोडला. तू सही केली नाहीस तर त्याला कळेल, सगळ्यांसमोर हातातलं निसटून जातं तेव्हा कसं वाटतं. एवढंच हवंय मला. दिवे लागलेले, मांडव भरलेला, माणसं जेवायला बसलेली — आणि नवरी नाही म्हणते. अल्लाशप्पथ, त्यानंतर मी मेले तरी चालेल.

— काय म्हणालीस?

सामेहने का केलं? तुला माहीत नाही? तुझ्यासाठी केलं! तुला घालायच्या सोन्यासाठी. तुझ्या आईने शंभर ग्रॅम मागितले होते. तुमच्या त्या दिवाणखान्यात, तुमच्या सोयरिकीची फातिहा वाचायच्या आधी, सगळ्यांदेखत — शंभर ग्रॅम! गोलकीपर पोराने कुठून आणायचे शंभर ग्रॅम?

— पन्नास?

बरं, पन्नास. पन्नासच म्हणाली होती तुझी आई, मादाम सूझान. पण कसं म्हणाली? 'आम्ही पन्नास म्हणतो, जड जात असेल तर कमी करू, आम्हाला तुमची परिस्थिती माहीत आहे.' आणि हसली. ओठाच्या एका कोपऱ्यातून. फार्मसीवाल्याची बायको ना ती! सगळ्यांना सरबत काचेच्या पेल्यांत आणि मला? मला स्टीलच्या पेल्यात, त्याच पेल्यात, ज्यात ती मला पाक झाल्यावर पाणी द्यायची. बारा वर्षं मी तिच्या पायांशी बसले, माझ्या बोटांना तिच्या टाचांच्या भेगा पाठ आहेत, आणि आता तिची विहीण होताना पण स्टीलचा पेला? मी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, 'शंभर. माझा मुलगा शंभर आणील.' टेबलाखाली सामेहने माझी बाही ओढली. मी त्याचा हात झटकला.  तुझ्या आईचं हसू कुठल्या कुठे गेलं! तेवढ्यासाठी — तेवढ्यासाठी मी आणखी शंभर म्हटलं असतं. तुला नाही कळायचं ते, तू काचेतून प्यायलेली.

रात्री तो म्हणाला, 'आई, पन्नास जमले असते. वर्षभर थांबलो असतो तर जमले असते.' मी म्हणाले, 'मर्द असशील तर शंभर आण. तिच्या नाकावर टिच्चून आण.'

मग हाझेमने दोनशे आणले. हो, ऐकलंय मी. दोनशे.

झाला हा पाय. — रडू नकोस, उगाच चेहरा सुजेल, मग माझ्यावर येईल. — काय? काय सांगितलं हाझेमने तुला? बैठकीत काय झालं ते त्याने सांगितलं? पुरुषांची बैठक होती ती, गल्लीचे तंटे सोडवणाऱ्या हाज बदवीच्या ओसरीवर, त्याने तुला सांगायचं कारण काय? — आणि तू मला विचारतेस खरं की खोटं? म्हणजे तूसुद्धा विश्वास ठेवत नाहीस. छान. चाळीस घरं झाली, हे एकेचाळिसावं.

ऐक मग. पन्नास पुरुष होते. हाझेम पुढे बसलेला, हातात जपमाळ. सामेह मध्ये, हात गळ्यात बांधलेला. मी दाराआड, बायकांत. हाज बदवी म्हणाला, 'बाळा, खरं सांग, कुणी करायला लावलं तुला? एक नाव घे, आम्ही इथेच न्याय करू.' मी मनात म्हणतेय, घे, घे हाझेमचं नाव, आत्ता घे, बघू दे त्याची जपमाळ कशी तुटते. सामेहने हाझेमकडे बघितलंसुद्धा नाही. दाराकडे बघितलं.

तुला माहीत आहे ना, पोरी, आपल्यात पोरं आईचं नाव चारचौघांत घेऊ देत नाहीत. शाळेत कुणी एकाने घेतलं तर ह्या सामेहने त्याचे दोन दात पाडले होते, सात वर्षांचा असताना. बावीस वर्षं त्या गल्लीत मी उम्म सामेह आहे, माझं नाव कुणाला ठाऊकही नव्हतं, मीच विसरले होते जवळजवळ. पन्नास पुरुषांसमोर, मोठ्याने, एकदाच —

ऊठ आता. कोमट पाण्याने पाय धू, साबण लावू नकोस. दार उघड, तुझी आई हाक मारतेय. उद्या सही कर, नाहीतर करू नकोस, मला विचारू नकोस. — जा म्हटलं ना! — कुणाचं नाव घेतलं म्हणून काय विचारतेस, हाझेमने सांगितलंय ना तुला? माझ्या तोंडून ऐकायचंय?

इन्शिराह.