सहादेव गुरुजींचा बारावा फोटो

मी चांगुणा गोरक्ष कराळे, वय २५ वर्षे, धंदा मजुरी, सध्या दुष्काळी कामावर खडी फोडणे, राहणार धामणवाडी, तिसगावजवळ, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर. आज दिनांक १६ मार्च १९७३ रोजी सकाळी चौकीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मयत सहादेव कानिफनाथ कराळे, वय ६१, हे माझे सासरे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. सासू माझ्या लग्नाआधीच वारल्या. माझे पती लष्करात होते. ते डिसेंबर १९७१ च्या लढाईत गेले. मला मूलबाळ नाही. माहेरचे लोक न्यायला आले होते, मी गेले नाही. घरात सासरे व मी असे दोघेच होतो.

पतीची पेटी पलटणीकडून आली. तीत एक साधा डबा कॅमेरा होता. बारा फोटोंच्या रिळातले पाच काढलेले होते, सात शिल्लक होते. सासऱ्यांनी त्या सातांत बांधावरच्या रानटी झाडांचे फोटो काढले. पहिले पाच धुऊन आल्यावर त्यांनी मला दाखवले. त्याबद्दल येथे सांगण्यासारखे काही नाही.

तेव्हापासून ते झाडांचे फोटो काढू लागले. ही नावे पुढच्या पोरांना कोणी सांगणार नाही, म्हणून फोटो चिकटवून वही करायची व शाळेला द्यायची, असे ते म्हणत. त्यांचा जन्म शाळेत गेला, त्यांना रानातले फारसे ठाऊक नव्हते. मी लहानपणी शेळ्यांमागे हिंडलेली. आघाडा, कुर्डू, टाकळा, पाथरी, जे दिसेल त्याचे नाव मी सांगायची व ते लिहून घ्यायचे. एकदा मी म्हणाले की दुसऱ्या कोणाला विचारून खात्री करा. ते म्हणाले, "तू सांगितलंस म्हणजे झालं." दिवाळीनंतर सडकेचे काम निघाले. मी तिकडे जाऊ लागले आणि ते एकटेच हिंडू लागले.

रविवार दिनांक ११ रोजी त्यांनी एसटीने पाथर्डीस जाऊन राधाकृष्ण फोटोवाले यांच्याकडे रीळ धुवायला दिले व नवे रीळ घालून आणले. सोमवारी सकाळी मी भाकरी बांधून निघाले तेव्हा ते चहा पीत होते. म्हणाले, "शेवटचा फोटो हललाय बहुतेक. परत काढून येतो." कुठे जाता, हे मी विचारले नाही. हजेरीला उशीर होत होता.

संध्याकाळी ते घरी आले नाहीत. मंगळवारी गावातील लोकांनी डोंगराच्या अंगाला शोधून पाहिले. मी भावकीतील दीर श्रीमंत कराळे यांच्यासोबत चौकीत येऊन खबर दिली.

बुधवारी लोक पुन्हा शोधायला गेले व मला कामावर जायला सांगितले. दुपारी राधाकृष्ण फोटोवाले स्वतः सडकेच्या कामावर आले. गुरुजी सापडत नाहीत हे त्यांना एसटीच्या कंडक्टरकडून कळले होते. त्यांनी बारा फोटो आणले होते. फोटोतल्या जागा ओळखता आल्या तर शोध घेता येईल, असे त्यांचे म्हणणे. अकरा फोटो नगरच्या सडकेच्या कडेचे होते, ते मी लगेच ओळखले. बारावा हललेला होता. पांढरे बारीक फूल व खरबरीत पान एवढे दिसत होते.

मी सांगितले, "एकदांडी हाय."

त्यांनी विचारले, "नक्की का, वहिनी?"

मी म्हणाले, "व्हय."

एकदांडी सडकेच्या कडेला कोरड्यातही येते. म्हणून लोक सडकेच्या दोन्ही बाजूंनी नगरकडे पाच मैल पाहत गेले. अंधार पडल्यावर परत आले.

गुरुवारी उजाडताच मी तो फोटो घेऊन उंबऱ्यात बसले. एकदांडीचे फूल लांब दांडीवर एकटे उंच असते. फोटोतले फूल पानाच्या बगलेतून आखूड देठावर आलेले होते. तो माका होता. माका ओलीशिवाय येत नाही. यंदा आमच्या शिवारात ओल नाही, विहिरींचे तळ उघडे पडले आहेत. फक्त मुरमाडावरच्या पडक्या बारवेत खालच्या दगडांना थोडा ओलावा असतो. पाणी भरण्याजोगे नाही म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. मी श्रीमंत यांना हाक मारली व पुढे पळत गेले.

सासरे बारवेच्या तळाशी भिंतीला टेकून बसलेले होते. वरची पायरी निसटून त्यांच्या उजव्या पायावर आली होती. कॅमेरा पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला होता. मी मामंजी म्हणून दोनदा हाक मारली. अंग गार होते. त्यांचा हात पोहोचेल तिथपर्यंतचा माका उपटलेला होता. पाल्याचा हिरवा रंग त्यांच्या ओठांना लागला होता. श्रीमंत म्हणाले, "वैनी, तुमी वर जावा." मी गेले नाही.

डॉक्टरांनी श्रीमंत यांना सांगितले की, जीव बुधवारी रात्री गेला असावा. फोटो मला बुधवारी दुपारी दाखवले होते.

माझा कोणावर संशय नाही. सडकेच्या कामावरच्या मुकादमाबद्दल किंवा शोधणाऱ्या लोकांबद्दल तक्रार नाही. राधाकृष्ण यांचा काही दोष नाही, त्यांनी मला पुन्हा विचारले होते.

एक सांगायचे आहे. बाराव्या फोटोच्या मागे राधाकृष्ण यांनी माझ्या सांगण्यावरून एकदांडी असे लिहिले आहे. तो फोटो आता चौकीत जमा आहे. ते नाव खोडून द्यावे अशी मी विनंती केली. जमा वस्तूवर खाडाखोड करता येत नाही, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. म्हणून ते येथे लिहून घ्यावे. ते झाड एकदांडी नाही. माका आहे.

हवालदारसाहेबांनी वरील सर्व मला सावकाश वाचून दाखवले. मी जे सांगितले तेच त्यात आहे. माक्याचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले, तेही बरोबर आहे.

सही
चांगुणा गोरक्ष कराळे