हिरव्या खुणेचे बत्तीस झिंगे

दि. १२ एप्रिल २०२५, सायंकाळी ७.४०. या वेळी माझ्या ताटात माझेच झिंगे वाढण्यात आले.

मी कु. माया पुंजाजी तायडे, वय ६७, निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), अविवाहित, रा. अकोला, तेल्हारा येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझा भाचा धम्मदीप याच्या शेतात आमचे भागीतले तळे आहे. खारपाणपट्ट्यातील बोअरच्या खाऱ्या पाण्यात बहुतेक झिंगे मरतात. जे तगले त्यांची कुळे मी सहा वर्षे वेगवेगळी वाढवली. प्रत्येकाच्या पायाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून, तग धरण्याचा गुण कोणत्या कुळात उतरतो याचा जनुकीय नकाशा करून घेतला. पैदाशीसाठी निवडलेल्या बत्तीस झिंग्यांच्या शेपटीत निळ्या उजेडात चमकणारा हिरवा रंग टोचून त्यांना जाळीत वेगळे ठेवले. यंदा त्यांची पिढी निघाली तर तळे राहील, नाहीतर बुजवून तेथे धम्मदीपचे मंगल कार्यालय होईल, असे घरात ठरले होते.

११ तारखेला अंतिम नकाशा आला. मी धम्मदीपला फोनवर कळवले. त्याने अभिनंदन केले व जेवायला बोलावले.

वहिनी माणिकबाई, धम्मदीपची आई, वाढत होती. म्हणाली, "घ्या ना बाई, तुमच्यासाठीच केले." मी दोन खाल्ले. चव चांगली आहे, असेही म्हणाले. तिसऱ्याच्या शेपटीत हिरवी रेघ दिसली. पर्समधील निळा टॉर्च काढून फिरवला. सगळ्या ताटांत हिरवे चमकले.

मी विचारले, "तळ्यात हजारो असताना जाळीतलेच का?"

धम्मदीप म्हणाला, "जायीतले लवकर सापडले. आन आत्या, तुमी यायले लेकरं म्हनत होत्या ना? घ्या, आले पोटात."

वहिनी हसली. माझ्या वैवाहिक स्थितीची नोंद वर व्यवसायाशेजारी आहे.

जबाब घेणाऱ्या हवालदारांनी झिंगे किती किलो होते असे विचारले. हा गुन्हा किलोत लिहू नये. नकाशा माझ्याकडे आहे. त्यातून निवडलेल्या बत्तीसांपैकी कोणीही जिवंत नाही.

उरलेला रस्सा वहिनीच्या फ्रीजमध्ये आहे, तो जप्त करावा. कोणते कलम लावले, किंवा का लावले नाही, याचे लेखी उत्तर २१ एप्रिल, सायंकाळी ५ पूर्वी मिळावे.

जबाब मी वाचून दाखवू दिला नाही. मीच वाचला, दोन ठिकाणी शुद्ध केला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बत्तीसपैकी दोन झिंगे मुद्देमाल म्हणून हजर करता येणार नाहीत. कारण वर आले आहे.

(सही) माया तायडे