चेंडूतली हवा अन् टँकरची चाकं

टँकरच्या डायवरसमोर फुटबॉलच्या गप्पा कधी मारू नका राव! त्या दुष्काळात नेकनूरकडून आमच्या गावाला सोसायटीचा टँकर यायचा. एकदा रांगेतच वाद पेटला. कुठल्या तरी परदेशी संघानं चेंडूतली हवा गुपचूप काढली म्हणे.

सोसायटीचे चेअरमन तात्या गरजले, "असल्या चोरांना जन्मभर मैदानाबाहेर बसवा!" टँकर पूर्ण भरून आला म्हणून रोज सही करणारे तेच.

मी म्हटलं, "पर हवा काढून फायदा काय?"

डायवर बाजीराव हसला. "लई फायदा! टायरातली थोडी हवा काढली की गाडी खाली बसती. निम्मा टँकरबी भरलेला दिसतो."

सगळी रांग चाकांकडं बघाया लागली.

तात्या घाईनं म्हणाले, "अरे, खेळ हाय तो! एवढं कशापायी मनावर घेता?"