काळी पट्टी

आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडं, हळदीचं गाव. हळद शिजायच्या दिवसांत मी जन्मले, आन आई म्हणायची, जन्मल्या जन्मल्या रडलीस ती बी बेसूर. मला मात्र वाटायचं आपण लई मोठे कलाकार. काय सांगू तुम्हाला ताई, सोळा वर्षांची पोरगी, नाकावर माशी बसू देत न्हवते, आन पेटीवर येत किती व्हतं, तर साडेतीन गाणी.

शिकवायला सोपानमामा. नात्याचे न्हाईत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. दिवसभर हळदीच्या ढोलावर, म्हंजे वाळलेली हळद ढोलात भरून हातानं फिरवायची, घासून चकाकली पाहिजे, लई ताकदीचं काम. सांजच्याला तेच हात पेटीवर पडले की बाया भाकर तव्यावर विसरायच्या. नांदेडच्या गायन पार्ट्या त्यांच्यासाठी जीप पाठवायच्या, आन हा माणूस म्हणायचा, आज विहारात लेकरं येऊन राहिले शिकायला, उद्या या. शिकवताना पेटी आमच्या पुढं सारायचे आन सोता टाळ घेऊन मागं बसायचे. मी म्हणायचे, मामा, तुमी वाजवा की. ते म्हणायचे, माझं मला ठाव हाय, तुझं ऐकू दे. मला वाटायचं, बघा, माझं वाजवणंच असं हाय की मामाला बी ऐकावं वाटून राहिलं. येडी कुठली!

तर मामानं एक चाल बांधली व्हती. ढोल फिरता फिरता हळदीच्या वजनानं मधीच अडतो, मग जोर लावला की गपकन पुढं जातो. चाल बी तशीच, सूर उतरता उतरता थांबायचा आन मग वर उडी. ती त्यांनी मला दिली. म्हन्ले, जयंतीला तू वाजव.

वाजवली. लोक उठून उभे. वसमतचे एक नामी गायक आले व्हते, त्यांनी माइकवरच इचारलं, पोरी, ही चाल कुणाची? आन ताई, माझ्या तोंडातून निघालं, माझीच हाय, मला सुचली. मागं मामा टाळ धरून बसलेले! गायक हसले, म्हणे, का हो मामा, खरं का? सगळं गाव बघून राहिलं. मामा टाळ ठेवून पुढं आले, म्हन्ले, मी बी हिच्याकडूनच शिकून राहिलो, ती थांबायची जागा काही बसंना बोटात. बाई, एकदा दाखव बरं.

दाखवायला गेले तर बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर पडलं. साफ चूक. आन मामानं काय करावं? पेटी घेतली आन बराबर माझी चूकच वाजवली, तीनदा, अशी की ते गायक वा वा करायले. मी मान वर केली न्हाई.

दुसऱ्या दिवशी ढोलावर गेले. मामा, मी खोटं बोलले. म्हणे, ठाव हाय. मग सांगितलं काहून न्हाई? म्हणे, तू पेटीवर व्हतीस, मी टाळावर. टाळवाल्यानं पेटीवाल्याला सांभाळायचं असतंय. आन ती काळी पट्टी ठेव, बरी लागती. आता ढोलाला हात लाव, लई जड झालाय.

मामा जाऊन लई वर्सं झाली. आता विहारात मी टाळ धरते, नात निकिता पेटी वाजवते, पाच-सहा पोरी अजून येतात, हात पिवळे घेऊनच येतात. परवा निकितानं मोबाइलवर ती चाल टाकली, खाली लिहिलं, माझ्या आज्जीची चाल. मी म्हन्ले, पुस आधी, सोपानमामाची म्हणून लिही. ती म्हणते, आज्जे, मग तुझं काय लिहू? म्हन्ले, काळी पट्टी तेवढी आज्जीची.

लिहिलं तिनं तसं. मामा असते ना, तर त्यांनी तेवढंच ठेवून सोताचं नाव पुसायला लावलं असतं.