मामांच्या रक्ताचं खरं-खोटं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले शिपाईमामा, आणि मघापासून चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी प्रयोगशाळेत रक्त काढणारी बाई. भाषणाची मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मामांच्या नोकरीबद्दल सगळे छान बोलले. एक मात्र राहून गेलं. आपल्या संशोधनाला निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्यातल्या लढाऊ पेशी आपण वाढवतो. त्या पेशी बारीक थैल्या सोडतात, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या. या थैल्या कॅन्सरच्या पेशीत शिरून तिला मारतात. निदान आपल्या काचेच्या बशीत तरी. सहा वर्षं हे रक्त कुणाचं होतं? मामांचं. सुई दिसली की तोंड फिरवायचे, पण तारीख कधी चुकवली नाही.

मग मामींना कॅन्सर झाला. समोरच्याच इस्पितळात होत्या. रक्त देताना मामांनी विचारलं, "बाई, हे तिच्यापर्यंत कधी पोहोचेल?" मी म्हटलं, "पोहोचेल हो मामा, लवकरच." जीभ कशी झडली नाही माझी! या थैल्या औषध म्हणून माणसांना द्यायला अजून कितीतरी वर्षं आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चार महिने मी हेच सांगत राहिले. पाचव्या महिन्यात राहवलं नाही, खरं सांगून टाकलं. मामांनी बाहीचं बटण लावलं. मग म्हणाले, "मी तिला रोज सांगतो, माझं रक्त तुझ्यासाठी लढतंय म्हणून. आता खरं सांगायला उशीर झाला, बाई. तुम्हीही बोलू नका."

मी भेटायला गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "यांचं रक्त मिळाल्यापासून जरा बरं वाटतंय हो." मी मान डोलावली. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

पुढच्या तारखेला मामा हजर. मी म्हटलं, "मामा, या वेळी राहू द्या." तर म्हणाले, "काढा. घरी 'दिलं का' म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून चुकवू होय?"

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. शेवटी चूकभूल माफ करा म्हणायचं असतं. सभागृहाला ते म्हणतेच. पण मामा, त्या चार महिन्यांत तुम्हा दोघांना एकमेकांचा नीट निरोप घेता आला असता. तो मी घेऊ दिला नाही. जमलं तर मला माफ करा.