खंडेनवमीला ठेवलेली सुई

यंदाच्या खंडेनवमीचं सांगते. शाळेचं तोंड न बघता मी वाचायला शिकले आणि प्रश्नांवर प्रश्न विचारते, त्यामुळं मला काही समजावून सांगायचं म्हटलं की घरातले घाबरतात. पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीला आलेली नात तेवढी घाबरत नाही. विळा, कोयता, ट्रॅक्टरची चावी अशी हत्यारं पूजेला मांडली होती, त्यांच्या शेजारी तिनं एक डबी ठेवली.

"ह्यात माझ्या यंत्राची सुई आहे, आजी. आजोबांसारखा विसरायचा आजार झाला की मेंदूत बारीक धागे साठतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. ही सुई त्यांना चाचपते आणि यंत्र त्यांचं चित्र काढतं."

"नुसतं चाचपायचं कशाला? उपटून काढ की!"

"जरा जोर लागला तर धागाच तुटतो. मग त्याचं खरं रूप कळत नाही."

मी झाकण उघडलं आणि चिमूटभर कुंकू वाहिलं. पोरगी किंचाळली, "आजी, कुंकवानं टोक बुजलं, गेली की सुई! नवीकोरी होती!"

"मग पूजेला काय मोडकं हत्यार ठेवतात व्हय?" मी दटावलं. पण मनात होतं ते विचारलंच. "तुझी ही विद्या आजोबांच्या कामाला येईल का गं?"

तिनं मान खाली घातली. "त्यांच्या हयातीत नाही, आजी."

खोटा धीर दिला नाही, हे मला पटलं.

तेवढ्यात बाजेवरून मालकांनी मला विचारलं, "बाई, ही पोरगी कुणाची?"

"तुमचीच," मी म्हणाले. "तुमच्या वैऱ्याच्या मागावर आहे."